आधी उतार, मग चढ : अ‍ॅरिझोनाच्या घळीतल्या गरम कुंडांपर्यंत, गटाने, एका दिवसात

सह्याद्रीत फिरून तयार झालेल्या पायांना एक हिशेब पाठ असतो. सकाळी ताज्या दमाने चढायचं, माथ्यावर डबा सोडायचा, दुपारनंतर उतरायचं. उतरताना गुडघे कुरकुरतात, पण गाव खाली असतं आणि पाय आपसूक तिकडे ओढ घेतात. वाळवंटातल्या कॅन्यनमध्ये हा हिशेब उलटा पडतो. गाडी वर, पाणी खाली. सकाळी गप्पा मारत मारत तुम्ही तळाला पोचता, कुंडात बसता, जेवता, आणि मग भर दुपारी, भरल्या पोटी, सैल पडलेल्या अंगाने चढायला लागता. आपल्याकडच्या बऱ्याच चांगल्या सवयी इथे उपयोगाच्या नाहीत आणि दोन-तीन तर अंगाशी येतात. म्हणून हा लेख.

जागा आहे अ‍ॅरिझोना हॉट स्प्रिंग, दुसरं नाव रिंगबोल्ट. लास व्हेगासहून निघून हूवर धरणाजवळचा उंच पूल ओलांडला की नेवाडा संपून अ‍ॅरिझोना लागतं. तिथून साधारण चार मैलांवर, ९३ क्रमांकाच्या महामार्गालगत, व्हाइट रॉक कॅन्यनचं वाहनतळ आहे. वाट तिथून उतरत कोलोरॅडो नदीपर्यंत जाते, काठाकाठाने थोडी खाली सरकते आणि शेजारच्या एका अरुंद घळीत शिरते. घळीत दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ आणि मधे एकाखाली एक गरम पाण्याची कुंडं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला खाली पाणी असेल अशी शंकाही येत नाही. सांदण दरी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी ती डोळ्यांसमोर आणावी, झाडं आणि शेवाळ काढून टाकावं, आणि तळात आंघोळीचं पाणी सोडावं.

जाऊन-येऊन सुमारे ६ मैल, म्हणजे साडेनऊ किलोमीटर. उंचीतला फरक जेमतेम पावणेतीनशे मीटर, म्हणजे सिंहगडाच्या पायवाटेच्या साधारण निम्मा. हे आकडे ऐकून दर रविवारी गड चढणारा पुणेकर हसेल. हसू द्या, पण पाणी चार लिटर घ्यायला लावा.

कधी जायचं

उन्हाळ्यात जायचंच नाही. हा सल्ला नाही, नियमच आहे. हा भाग लेक मीड राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रात येतो आणि उष्णतेमुळे ही वाट दरवर्षी १५ मे ते ३० सप्टेंबर बंद ठेवली जाते. घळीतला कातळ दिवसभर तापतो आणि ती धग संध्याकाळपर्यंत अंगावर येत राहते. वारा नाही, सावली नाही. उन्हाने कोसळलेल्या लोकांना इथून उचलून न्यावं लागलं आहे आणि काही जण परत आलेले नाहीत.

नोव्हेंबर ते मार्च हा खरा मोसम. ऑक्टोबर आणि एप्रिलमध्येही जाता येतं, पण मग उजाडताना निघावं. अमेरिकेत राहणाऱ्या आमच्यासारख्यांना सोयीची असते ती दिवाळीनंतरची सुट्टी किंवा थँक्सगिव्हिंगचा आठवडा. मात्र त्या दिवसांत गर्दीही तितकीच. शनिवार-रविवारी अकरा वाजता पोचलात तर कुंडात बसायला जागा नसते आणि वाहनतळही भरलेला असतो. आठवड्यातला एखादा दिवस रजा टाकून गेलात तर तीच घळ वेगळी भासते.

आता घड्याळाची गोष्ट. अ‍ॅरिझोनात उन्हाळी वेळ पाळत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत अ‍ॅरिझोना नेवाडाच्या एक तास पुढे असतं, उरलेल्या काळात दोन्हींची वेळ एकच. सीमा नदीच्या मध्यातून जाते. त्यामुळे वाटेत कुणाचा फोन एक वेळ दाखवतो, कुणाचा दुसरी, आणि घळीत रेंजच नसल्याने तो कुठल्या वेळेवर अडकलाय हे कळत नाही. आमच्या पहिल्या फेरीत ‘साडेबाराला निघू’ असं ठरलं होतं. अर्धे लोक साडेबाराला उठले, अर्धे अजून तासभर आहे म्हणून पाण्यात. डिसेंबरात इथे अ‍ॅरिझोनाच्या घड्याळाने साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो, घळीत तर त्याच्या बऱ्याच आधी अंधारतं. तेव्हा वाहनतळावरच एका मनगटी घड्याळाची वेळ ‘गटाची वेळ’ म्हणून जाहीर करा. त्या दिवसापुरतं ते घड्याळच गुरुजी.

गट कसा जमवायचा

सहा ते दहा माणसं उत्तम. बाराच्या वर गेलं की शिडीपाशी रांग लागते आणि कुंडात बाकीच्यांना आपली अडचण होते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हॉट स्प्रिंगला कोण कोण?’ एवढंच विचारलं तर वीस हात वर होतात, कारण लोकांच्या डोळ्यांसमोर वज्रेश्वरी असते: गाडी लावली, पायऱ्या उतरल्या, पाण्यात. म्हणून पहिल्याच निरोपात चार गोष्टी लिहा: सहा मैल चालणं, थोडं दगडांवर चढणं-उतरणं, वीस फुटांची लोखंडी शिडी, आणि परतीचा चढ उन्हात. वीसाचे नऊ होतात. तेच हवे असतात.

आई-बाबा भारतातून आलेले असतात आणि त्यांनाही यायचं असतं. हा नाजूक विषय. सत्तरीतले काही बाबा रोज पर्वती चढणारे असतात, ते आपल्याला मागे टाकतील. पण रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर लांब चालणं, गरम पाण्यात बसणं आणि लगेच चढणं हे तिन्ही एका दिवसात नको. ती औषधं आणि गरम पाणी यांचं एकत्र येणं घेरी आणू शकतं. गरोदर बाईनेही ही कुंडं टाळावीत. अशा मंडळींसाठी जवळच एक सुंदर पर्याय आहे: लेक मीडच्या अभ्यागत केंद्राजवळून निघणारी जुन्या रेल्वेमार्गाची पायवाट. हूवर धरण बांधताना सामान नेण्यासाठी टाकलेल्या रुळांची ती जागा, जवळजवळ सपाट, पाच मोठे बोगदे आणि खाली तलाव. गटातल्या कुणीतरी त्यांच्यासोबत तिकडे जावं आणि संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र जेवावं. ‘आम्हाला नेलं नाही’ ही खंत राहत नाही, आणि फोटो त्यांचेच जास्त चांगले येतात.

लहान मुलांबाबत माझी कसोटी शिडीची. जे मूल स्वतः, कुणी न उचलता, ओली शिडी चढू आणि उतरू शकतं ते चालेल.

गटात तीन कामं आधीच वाटून द्या. पुढे एक जण, ज्याने वाट पाहिली आहे किंवा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला आहे. सगळ्यांच्या मागे एक जण, ज्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. हे काम सर्वांत चिवट माणसाला द्यावं, सर्वांत हळू चालणाऱ्याला नव्हे. आणि तिसरा मोजणारा. फाट्यावर, नदीकाठी, शिडीच्या वर, शिडीच्या खाली, दर ठिकाणी डोकी मोजायची. हास्यास्पद वाटतं, पण घळीत वळणं इतकी जवळजवळ आहेत की वीस पावलांवरचा माणूस दिसत नाही.

घरी थांबलेल्या एकाला कागदावर सगळं द्या: वाटेचं नाव, गाड्यांचे क्रमांक, माणसांची नावं, परतीची वेळ, आणि ‘या वेळेपर्यंत फोन आला नाही तर ९११’ (इथला तातडीच्या मदतीचा क्रमांक) अशी ठरलेली वेळ. खाली मोबाइल चालत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र गटात एकाकडे असेल तर ते न्या. नवीन फोनमध्येही ती सोय असते, पण अरुंद घळीतून आकाशाची फटच दिसते, तिथे तिच्यावर विसंबू नये.

पिशवीत काय

पाणी माणशी चार लिटर. वाटेत टाकं नाही, विहीर नाही, ताक विकणाऱ्या मावशी नाहीत. नदी आहे, पण तिचं पाणी गाळून-शुद्ध करून घ्यावं लागतं; त्यासाठी गटात एक फिल्टर असू द्या, तोही फक्त अडचणीसाठी. कुंडाचं पाणी प्यायचं नाही. चार लिटर म्हणजे चार किलो, हे ओझं पाठीला जाणवतं आणि म्हणूनच लोक दोन लिटरवर येतात. माझी युक्ती अशी: दोन लिटरवर रंगीत चिकटपट्टी लावायची. तो परतीचा वाटा. कुंडातून बाहेर पडेपर्यंत पट्टीच्या बाटल्या उघडायच्या नाहीत. यावरून आमच्या गटात बरीच चेष्टा झाली आहे, पण पट्टी अजून टिकून आहे. याशिवाय गाडीत आणखी एक कॅन ठेवावा.

नुसतं पाणी पीत राहिलात तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही आणि डोकं दुखायला लागतं. जलसंजीवनीची पाकिटं, नाहीतर लिंबू-मीठ-साखर. खायला आपल्याकडे मुळातच या कामाचे पदार्थ आहेत: तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, सुकी चटणी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. श्रीखंड, दहीभात वगैरे घरीच बरं. पुलाव एकदा कुणीतरी मोठ्या डब्यात आणला होता. डबा उचलणाऱ्याचं नाव अजून ‘पुलाव’ आहे.

कपडे थरांचे हवेत. जानेवारीत सकाळी सात वाजता वाहनतळावर हुडहुडी भरते, दुपारी बाह्यांचा सुती सदराही नकोसा होतो. टोपी रुंद काठाची. बुटांचा तळवा चांगला पकडणारा, कारण वाटेचा बराच भाग सुटी खडी आणि जाड वाळू आहे. पाण्यात घालायला पट्टा असलेल्या चपला वेगळ्या. कुंडाच्या तळाशी दगड आणि वाळूच्या पोत्यांचे बांध आहेत, अनवाणी पाय सोलवटतात. मोज्यांचा कोरडा जोड. पंचा घ्या, बाथटॉवेल नको: पंचा हलका असतो, मिनिटांत वाळतो, डोक्यालाही बांधता येतो. प्रत्येकाकडे डोक्याला लावायचा टॉर्च, दिवसाचीच फेरी असली तरी. ओले कपडे आणि कचरा यासाठी दोन पिशव्या. आणि एक जुना दाट दातांचा कंगवा: चोया नावाच्या निवडुंगाचे गोळे पायाला चिकटले तर ते हाताने काढायला गेलात की हातालाच चिकटतात, कंगव्याने एका झटक्यात निघतात.

काचेची बाटली नको. दारू तर नकोच. गरम पाणी, बिअर आणि मग चढ या तिघांनी मिळून भल्याभल्यांना झोपवलं आहे.

निघायच्या आधी आभाळ बघायचं, पण आपल्या डोक्यावरचं नव्हे

सह्याद्रीतला पाऊस आपल्याला दिसतो. समोरचा डोंगर पांढरा होतो, मग आपण भिजतो. इथे घळीत ऊन पडलेलं असतं आणि वरच्या अंगाला, नजरेआडच्या डोंगरावर, एक ढग कोसळून गेलेला असतो. उघड्या खडकात पाणी मुरत नाही. ते सगळं कोरड्या ओढ्यांत गोळा होतं आणि गाळ, दगड, झुडपं घेऊन अरुंद घळीतून खाली येतं. भिंती दोन हातांवर, वर चढायला जागा नाही. म्हणून आदल्या रात्री आणि निघताना, अमेरिकी हवामान खात्याचा या परिसराचा अंदाज बघा. पावसाची वा अचानक पुराची सूचना असेल तर फेरी रद्द. ‘आलोच आहोत तर अर्ध्यापर्यंत जाऊ’ हा मराठी तोडगा इथे चालत नाही, कारण धोका नेमका त्या अर्ध्यातच आहे.

त्याच वेळी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या पानावर वाट उघडी असल्याची खात्री करून घ्या.

लास व्हेगासहून पाऊण-एक तासाचं अंतर आहे. २०१८ पासून नवा आय-११ रस्ता बोल्डर सिटीला वळसा घालून जातो, त्यामुळे पेट्रोल, बर्फ, शौचालय यासाठी मुद्दाम आत वळावं लागतं. वळाच. धरणाच्या कामगारांसाठी १९३१ मध्ये वसवलेलं हे टुमदार गाव नेवाडात असूनही तिथे जुगाराला बंदी आहे. गटातल्या ज्यांची आदली रात्र लास व्हेगासमध्ये वाईट गेली त्यांना हे ऐकून बरं वाटतं.

वाट

अ‍ॅरिझोनाच्या वेळेने साडेसातला चालायला लागा. वाट महामार्गाच्या पुलाखालून पलीकडे जाते आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रात उतरते. सुरुवातीचा भाग मोकळा, दोन्हीकडे क्रिओसोटची झुडपं. पाऊस पडून गेला असेल तर त्यांचा डांबरासारखा पण हवाहवासा वास येतो. आपल्याकडच्या मृद्गंधाची जागा इथे याच झुडपाने घेतली आहे.

पुढे फाटे आहेत. एक वाट उजवीकडे लिबर्टी बेल कमानीकडे जाते, एक डावीकडून वरच्या अंगाने थेट गरम कुंडांच्या घळीत, आणि ओढ्याचं पात्र धरून सरळ खाली जाते ती व्हाइट रॉक कॅन्यनची. पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने शेवटची धरावी. इथे डोकी मोजा आणि मागे वळून परतीचा देखावा डोळ्यांत साठवून घ्या, गरज वाटली तर फोटो काढा. येताना सगळं उलट्या बाजूने दिसतं आणि दमलेला माणूस दिसेल त्या फाट्याला शिरतो.

मग भिंती जवळ येतात. कातळ गडद, ज्वालामुखीतून आलेला, आणि त्याच्या तळाशी वरच्या डोंगरातून वाहून आलेले पांढरे ग्रॅनाइटचे धोंडे. त्यांच्यावरूनच कॅन्यनचं नाव. हे धोंडे मोटारीएवढे आहेत. पाण्याने ते इथवर आणले आहेत, एवढं लक्षात घेतलं की हवामानाच्या अंदाजावरचा मघाचा परिच्छेद पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. चालणं सोपं आहे, अधेमधे कातळाची छोटी पायरी उतरावी लागते. भिंतीवर, फार वर, करड्या रंगाची आकृती हलली तर थांबा: वाळवंटी रानमेंढे आहेत, वळलेल्या जाड शिंगांचे. दगडाखाली हात घालू नका, कपारीत न बघता बसू नका. साप हिवाळ्यात कमी दिसतात, नसतात असं नाही.

तासाभरात भिंती दूर होतात आणि समोर नदी. पहिल्यांदा पाहणारा थबकतोच. इतक्या रखरखाटात एवढं हिरवंगार, काचेसारखं पाणी. हे धरणाच्या मागच्या तलावाच्या खोल थरातून सोडलेलं पाणी आहे, म्हणून ते वर्षभर गार, साधारण १२ अंश सेल्सियस. पोहायला उतरू नका. इतक्या गार पाण्यात अचानक पडलं की श्वास अडकतो, हातपाय काही मिनिटांत जड होतात आणि प्रवाह दिसतो त्यापेक्षा ओढीचा आहे. शिवाय धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्याप्रमाणे पातळी दिवसात वर-खाली होते. काठावर काढून ठेवलेले बूट परत आल्यावर जागेवर असतीलच असं नाही.

इथे दहा मिनिटं बसा, खा, आणि एक जुनी गोष्ट सांगून टाका. धरणाआधी ही नदी माजलेली असायची. १८५८ च्या मार्चमध्ये, म्हणजे तिकडे झाशीला वेढा पडला त्याच महिन्यात, नदीची पाहणी करायला निघालेल्या अमेरिकी लष्कराच्या लेफ्टनंट आइव्ह्ज यांची ‘एक्सप्लोरर’ नावाची वाफेची नाव नदीतून वर येताना नदीच्या या दरीच्या, म्हणजे ब्लॅक कॅन्यनच्या, तोंडाशी खडकावर आदळली. पुढे बोटवाल्यांनी खडकात लोखंडी कड्या ठोकल्या आणि दोर अडकवून बोटी खळाळातून वर ओढल्या. त्या कड्या म्हणजे रिंगबोल्ट. धरणं झाली, खळाळ बुडाला, नाव राहिलं.

नदी उजव्या हाताला ठेवून प्रवाहाच्या दिशेने निघा. अंतर थोडं, अर्धा किलोमीटरच्या आसपास, पण या फेरीतला हाच सर्वांत चुकवणारा तुकडा. वाट कातळावरून चढते, उतरते, हात टेकावे लागतात. खडकावरच्या रंगाच्या खुणा आणि एकावर एक रचलेले दगड शोधत जा. घाई करणारा माणूस इथे घसरतो. एका ठिकाणी एकच जण, बाकीचे थांबलेले. मग एक घळ डावीकडून येऊन नदीला मिळते आणि तिच्या तळातून पाण्याचा बारीक ओहळ वाहत असतो. हात घाला. कोमट लागेल.

शिडी

ओहळ धरून वर गेलं की घळ अंगावर येते आणि समोर गरम पाण्याचा छोटा धबधबा. त्याच्या बाजूला उभी वीस फुटी शिडी. तिच्या पायऱ्या ओल्या असतात, पाणी अंगावर उडतं. एका वेळी एकच माणूस. आधी सर्वांत सराईत वर जातो आणि वरून हात देतो. पाठीवरची जड पिशवी काढून, छोट्या दोराने वर ओढून घ्या. पिशवी माणसाला मागे खेचते. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, नेहमी टेकलेले. कॅमेरा गळ्यात नको. शिडीच्या खाली कुणी उभं राहायचं नाही. दहा जणांना वर जायला वीस मिनिटं लागतात, ती लागू द्या. मागच्या गटातलं कुणी उसासे टाकत असेल तर त्याला पुढे सोडा.

उतरताना तोंड शिडीकडे. हे सांगावं लागतं, कारण घरातल्या जिन्याची सवय असते.

कुंडात

पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. आजूबाजूचा खडक ज्वालामुखीचा असला तरी तो कधीच निवलेला आहे. झरा वरच्या टोकाला फुटतो, म्हणून सर्वांत वरचं कुंड सर्वांत कढत. खालची क्रमाने निवत जातात. आधी हात, मग पाय, मग बसा. खालच्या कुंडापासून सुरुवात करा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि नेमकी तीच आपल्या लोकांना सांगायला जड जाते. डोकं बुडवायचं नाही. वज्रेश्वरीला, दापोलीजवळच्या उन्हवऱ्याला आपण कुंडात उतरलो की पहिली डुबकी डोक्यासकट. तेच पुण्य, तीच मजा. इथल्या गरम पाण्यात मात्र नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. तो तोंडावाटे पोटात गेला तर काही करत नाही. नाकात पाणी शिरलं तर तिथून मेंदूपर्यंत पोचतो. हा आजार अत्यंत विरळा, पण झाला तर जवळजवळ नेहमीच जीव घेतो. तिथे तसा फलकही लावला आहे. म्हणून डुबकी नाही, एकमेकांवर पाणी उडवणं नाही, धबधब्याखाली तोंड वर करून उभं राहणं नाही, आणि मुलांना नाक धरायला सांगून वेळ मारून नेणं तर अजिबात नाही.

साबण, तेल, उटणंही पाण्यात नको. दिवाळीनंतरच्या एका फेरीत आमच्यातल्या एका उत्साही बाईंनी मोती साबणासकट अभ्यंगाची पूर्ण तयारी आणली होती. ती तयारी तशीच परत गेली आणि दुसऱ्या दिवशी घरच्या बाथरूममध्ये कामाला आली.

एक सूचना कुटुंबासह जाणाऱ्यांना: इथे काही मंडळी कपड्यांविना बसलेली असतात. कुणी कुणाकडे बघत नाही, कुणी काही म्हणत नाही. पुढच्या माणसाने वळणाअलीकडे मोठ्याने नमस्कार घातला की सगळ्यांचाच संकोच वाचतो.

पाण्यात एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, मग बाहेर, मग पुन्हा. घळ अरुंद आहे, आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो. ब्लूटूथ स्पीकर कुणी आणला असेल तर तो पिशवीच्या तळाशी जाऊ द्या. लघवी-शौचासाठी घळ वापरायची नाही, ते सगळं खालच्या कुंडात येतं. सोबत पिशव्या असाव्यात आणि त्या परत न्याव्यात. संत्र्याची सालंसुद्धा न्यावीत, कोरड्या हवेत ती महिनोन्‌महिने तशीच राहतात.

परतीचा चढ

गटाच्या घड्याळाने साडेअकराला सगळे पाण्याबाहेर. हा आकडा हलवू नका. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, घाम पाण्यात गेल्यामुळे कळत नाही, आणि उभं राहिलं की काहींच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात. कोरडे कपडे घाला, अर्धा तास सावलीत बसा, अर्धा लिटर मीठ-साखरेचं पाणी प्या, थोडं खा. पोटभर नको. पट्टीच्या बाटल्या आता उघडा.

परत कुठून? कुंडांच्या वरून घळीतूनच पुढे चढत जाऊन सकाळच्या फाट्याला मिळता येतं. शिडी उतरावी लागत नाही आणि वाटेचं वर्तुळ पूर्ण होतं. पण कुंडांच्या वरच्या टोकाला कातळावर चढावं लागतं आणि गट मोठा असेल तर तिथे खोळंबा होतो. पहिल्या खेपेला आल्या वाटेने परतावं, असं माझं मत. ओळखीची वाट दमलेल्या डोक्याला बरी.

चढ तीव्र नाही. कंटाळवाणा आहे. वाळूत पाय रुततो, मागे घसरतो, आणि ऊन समोरच्या भिंतीवरून उलटून तोंडावर येतं. सकाळी पुढे पळणारे आता मागे पडतात. वेग सर्वांत हळू माणसाचा ठेवा आणि त्यालाच पुढच्या दुसऱ्या क्रमांकावर आणा. दर वीस मिनिटांनी थांबा, उभ्यानेच दोन घोट. एखादा गप्प झाला, चिडचिड करायला लागला, किंवा साध्या प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायला लागला तर ती थट्टेची गोष्ट नाही. त्याला सावलीत बसवा, सदरा आणि टोपी ओली करा, घोट घोट पाणी द्या, पिशवी दुसऱ्याने घ्या. वीस मिनिटांत सुधारला नाही, उलट्या होऊ लागल्या, किंवा बोलणं अडखळलं, तर दोघांनी त्याच्यापाशी थांबायचं आणि दोघांनी वर जाऊन, रेंज मिळताच, ९११ लावायचा. त्याला ‘थोडंच राहिलंय’ म्हणत ओढत नेऊ नका.

हे मी पाहिलं आहे. आमच्यातल्या एका दणकट, अनेक गड केलेल्या गड्याने कुंडाशीच सगळं पाणी संपवलं होतं, शिवाय दोघांना वाटलंही होतं. व्हाइट रॉकच्या मध्यावर तो बसला आणि उठेना. तेव्हा पट्टी नव्हती. आम्ही सगळ्यांच्या बाटल्यांतले तळ एकत्र केले, तासभर थांबलो, आणि सूर्य कलल्यावर पावलापावलाने वर आणला. चिकटपट्टी त्यानंतरच्या फेरीपासून, आणि ती दर वेळी तोच लावतो.

महामार्गाच्या पुलाचे खांब दिसले की शेवटचा टप्पा. वाहनतळावर डोकी मोजा, गाडीतला कॅन उघडा, बुटातली वाळू तिथेच झाडा. बोल्डर सिटीला पोचून रेंज आली की घरी थांबलेल्या माणसाला आधी फोन करा, फोटो नंतर टाका. आणि हिवाळा असेल तर पूल ओलांडताना घड्याळ एक तास मागे घ्यायचं. त्या जादा तासात जेवणाची रांग गाठता येते.